रुटीनमध्ये प्रोटीन निल, पण एसीआर ८३: कुठला रिपोर्ट खरा?

घोडबंदरकर
आई ६१ वर्षांची, टाइप २ मधुमेह ९ वर्षं. ठाण्यातल्या लॅबमध्ये एकाच नमुन्यावर दोन तपासण्या केल्या. लघवीच्या रुटीनमध्ये प्रोटीन निल. दुसरीकडे मायक्रोअल्ब्युमिन (लघवीतून थोड्या प्रमाणात जाणारं अल्ब्युमिन हे प्रोटीन) ६० मिग्रॅ/लिटर, क्रिएटिनिन (स्नायूंतून येणारा, लघवीतून बाहेर पडणारा टाकाऊ पदार्थ) ७२ मिग्रॅ/डेसिलिटर, एसीआर (या दोघांचं गुणोत्तर) ८३. चूक कुठे आहे?

नेरूळ_लॅब
चूक कुठेच नाही. रुटीनची पट्टी अल्ब्युमिन साधारण १५० ते ३०० मिग्रॅ/लिटरला पोचल्याशिवाय रंग बदलत नाही. तुमचं ६० आहे, ते तिला दिसणारच नाही. एसीआरचा हिशोबही जुळतो: ७२ मिग्रॅ/डेसिलिटर म्हणजे ०.७२ ग्रॅम/लिटर, ६० भागिले ०.७२ बरोबर ८३ मिग्रॅ/ग्रॅम.

भागाकार पाण्यासाठी असतो. तांब्याभर पाणी पिऊन नमुना दिला की अल्ब्युमिन पातळ होतं, पण क्रिएटिनिनही तितकंच होतं, त्यामुळे गुणोत्तर फारसं हलत नाही. म्हणून नुसता मायक्रोअल्ब्युमिनचा आकडा देणारी तपासणी घेऊ नका. एक मात्र लक्षात ठेवा, फार कृश माणसाचं क्रिएटिनिन कमी असतं, त्याचा एसीआर वाढलेला दिसू शकतो.

ऐरोली_मधुमेह
एसीआर ३० च्या आत ठीक, ३० ते ३०० मध्यम वाढ, ३०० च्या वर जास्त. पण एका रिपोर्टवर शिक्का मारायचा नाही. हा आकडा दिवसागणिक बराच बदलतो. तीन ते सहा महिन्यांत तीन नमुने द्या, त्यातले दोन वाढलेले आले तरच धरायचं.

नमुना सकाळी उठल्यावरचा पहिला, मधल्या धारेचा. आदल्या २४ तासांत जिम नको, येऊरचा चढही नको. ताप, लघवीचा संसर्ग, पाळी, खूप वाढलेली साखर किंवा बीपी असेल तर थांबा. बीपीची गोळी मात्र तपासणीसाठी बंद करू नका. सोबत रक्तातलं क्रिएटिनिन आणि ईजीएफआर (मूत्रपिंडं रक्त किती गाळतात त्याचा अंदाज) हवंच, कारण एसीआर वाढलेला असूनही ईजीएफआर नॉर्मल असू शकतो. अशा वेळीच औषधांचा सगळ्यात जास्त उपयोग होतो.

घोडबंदरकर
त्या आठवड्यात लघवीला जळजळ होती. आणि लॅब एनगॅल, किम-१ चं पॅकेजही सुचवतेय.

ऐरोली_मधुमेह
मग हा ८३ बाजूला ठेवा. आधी लघवीचं कल्चर (जंतूंची तपासणी) आणि उपचार, संसर्ग पूर्ण बरा झाल्यावर एसीआर पुन्हा. एनगॅल आणि किम-१ मूत्रनलिकांची इजा दाखवतात, पण मधुमेहात रोजचे उपचार त्यांवर ठरत नाहीत. ते पैसे दुसऱ्या-तिसऱ्या एसीआरसाठी ठेवा.