उसाच्या ट्रॉलीची पिन आणि हूक : ग्रीस लावावं की कोरडं ठेवावं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

शिरोळ तालुक्यातून लिहितोय. घरचा ट्रॅक्टर आहे, मागं दोन चारचाकी ट्रॉल्या जोडून कारखान्याला ऊस घालतो. दिवाळी झाली की ऊसतोडीची टोळी येईल. त्याआधी जोडणीचं काम नीट करून घ्यायचंय.

गेल्या हंगामात भाऊ भरल्या गाड्या घेऊन ओढ्याच्या चढाला लागला आणि मागची ट्रॉली सुटली. मोठ्या पिनेला अडवून धरणारी खालची लॉक पिन खडखडाटात कधी पडली ते कळलंच नाही, मग मोठी पिन हादऱ्यानं वर सरकत निघून आली. साखळी बांधलेली होती म्हणून ट्रॉली मागं गेली नाही. मागं दुचाकीवर नवराबायको आणि मधे त्यांचं लेकरू होतं. आजही ते आठवलं की पोटात गोळा येतो.

परवा दोन्ही पिना काढून डिझेलनं धुतल्या. नवी होती तेव्हा ३२ मिमीची पिन मधोमध, जिथं ट्रॉलीच्या दांड्याचं कडं घासतं तिथं, २८ मिमी भरली. बोट फिरवलं तर कंबर पडलेली कळते. कडंही गोल राहिलेलं नाही, ओढीच्या बाजूला लांबट झालंय.

वडील म्हणतात जळकं ऑइल सोडत राहा, इतकी वर्षं तेच केलं. शेजारचे काका म्हणतात काहीच लावू नका, फडातली माती आणि पाचटाचा भुगा ग्रीसमध्ये बसतो आणि कानशीसारखी पिन खातो. आमच्याकडची काळी माती ओली असेपर्यंत चिकटते, पुढं जानेवारीनंतर तिचीच धूळ उडते, त्यामुळं काकांचंही पटतं. मग लावायचं काय, आणि किती दिवसांनी? झिजलेली पिन वेल्डिंगनं भरून लेथवर उतरवली तर चालेल का? जाणकारांनी कृपया सांगावं.

गॅरेजवाले काका :
आधी पिनेचं. भरून घेऊ नका, नवी घ्या. हूकची पिन कडक केलेल्या पोलादाची असते. वेल्डिंगच्या उष्णतेनं तो कडकपणा जातो, किंवा जोडाशेजारी ठिसूळपणा येतो आणि झटक्यात तुटते. ३२ ची २८ झाली म्हणजे मधल्या भागातलं जवळजवळ पाव पोलाद गेलं. बांधकामाची सळी कापून पिन म्हणून घालणारेही पाहिलेत, तसं कधीच करू नका. कडं लांबट झालंय तर तेही बदला. लांबट कड्यात नवी पिन घातली की प्रत्येक गिअरला घणाचा घाव बसतो.

आता ग्रीस. वडील आणि शेजारचे काका, दोघांचं अर्धं बरोबर आहे. जळकं ऑइल पातळ, दाबाखाली टिकत नाही, आणि त्यात इंजिनातला कीस असतोच. पण कोरडं ठेवलं तर लोखंडावर लोखंड घासतं आणि रात्रीच्या दवानं गंज धरतो, तो गंजच पुढं कानस होतो. लिथियमचं ईपी-२ ग्रीस, म्हणजे जास्त दाब सोसणारं, घ्या. पिनेवर पातळ थर, बोटानं पुसल्यासारखा. गोळा राहू द्यायचा नाही, माती गोळ्यातच बसते. हंगामात रोज सकाळी जुनं फडक्यानं पुसायचं आणि नवं लावायचं, पाच मिनिटांचं काम आहे. थरावर थर चढवत जाऊ नका.

फडकरी :
दादा, पुढच्या टर्नटेबलला विसरू नका. चारचाकी ट्रॉली वळते ती त्याच्यावर. आम्ही रिकामी ट्रॉली जॅकवर थोडी उचलतो, मग निपलमधून ग्रीसगन मारतो. वजन असताना ग्रीस दाबाच्या बाजूला शिरतच नाही. कडेनं स्वच्छ ग्रीस बाहेर येईपर्यंत मारायचं. आणि लॉक पिन स्प्रिंगच्या कडीची घ्या. तारेचं वेटोळं, खिळा असलं काही नको. कारखान्याच्या वजनकाट्यावरून निघताना आणि फडातून निघताना हात लावून बघायची.

गॅरेजवाले काका :
एक राहिलं. हूकची पट्टी आणि दांड्याचं वेल्डिंग तपासा. तारेच्या ब्रशनं घासून डिझेल लावा, दहा मिनिटांनी कोरडं पुसा आणि वर पांढरा खडू फासा. चीर असेल तर आत मुरलेलं डिझेल खडूवर रेघ होऊन उमटतं. ट्रॅक्टरला हूक धरणारे बोल्टही आवळा आणि नटावरून पट्टीपर्यंत रंगाची एक रेघ मारा. रेघ तुटलेली दिसली की नट फिरलाय.

मूळ प्रश्नकर्ता :
काका, दादा, मनापासून आभार. आज खडूचा प्रयोग केला. ट्रॅक्टरचा हूक चांगला निघाला, पण पहिल्या ट्रॉलीच्या मागच्या हूकला, जिथून दुसरी ट्रॉली ओढली जाते तिथं, वेल्डिंगच्या कडेनं दोन बोटं लांब काळी रेघ उमटली. वडिलांना दाखवली. ते बराच वेळ खाली बसून बघत राहिले, मग म्हणाले पट्टीच बदलू. उद्या ट्रॉली फॅब्रिकेशनवाल्याकडं नेतोय, रिकामी आणि एकटीच. नव्या पट्टीची जाडी जुन्याइतकीच ठेवू की वाढवू, तेवढं कोणी आज रात्रीपर्यंत सांगाल का?