मदत हवी आहे: डॉ. कोटणीस आणि भारत-चीन संबंध, मांडणी कशी करू?

नमस्कार मंडळी. एम.ए. राज्यशास्त्राच्या प्रकल्पासाठी सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं उदाहरण घेतलंय. १९३८ साली ते काँग्रेसच्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले, १९४२ मध्ये तिथेच वारले. त्यांचं नाव आजही मैत्रीचा दाखला म्हणून पुढे येतं. २०१४ च्या दौऱ्यात शी जिनपिंग दिल्लीत त्यांच्या बहिणीला भेटले होते.

अडलंय ते इथे. ही आठवण असूनही १९६२ चं युद्ध झालं. उलट २०२० मध्ये गलवानला जवान शहीद झाले, तरी पुढच्याच वर्षी दोन्ही देशांतला व्यापार १०० अब्ज डॉलरच्या वर गेला. म्हणजे सद्भावना युद्ध थांबवत नाही आणि वैर व्यापार थांबवत नाही. मग संस्कृतीचा परिणाम नेमका कशात मोजायचा?

जोसेफ नाय यांची ‘सॉफ्ट पॉवर’ (बळाऐवजी आकर्षणातून पडणारा प्रभाव) आणि अलेक्झांडर वेंड्ट यांचा रचनावाद (देशांचं वागणं कल्पना आणि ओळखींतून घडतं हा सिद्धांत) वाचून झालाय, त्यामुळे व्याख्या नकोत. सोलापूरच्या भैय्या चौकातलं कोटणीसांचं स्मारकही पाहिलंय. चिनी भाषा येत नाही, दिल्लीच्या अभिलेखागारात जाणं जमणार नाही आणि प्रबंध मराठीतच द्यायचाय.

नेत्यांची भाषणं आणि संयुक्त निवेदनं तपासून, कोटणीसांचा उल्लेख तणावाच्या काळात वाढतो की कमी होतो, एवढंच पाहिलं तर तो पुरावा म्हणून टिकेल का? की त्याला व्यापाराच्या आकड्यांची जोड द्यावीच लागेल?