पलंगाआधी भिंतीचा विचार करावा

बेळगावच्या टिळकवाडीतील नऊ बाय दहा फुटांच्या शयनकक्षासाठी सहा फूट रुंद पलंग, पश्चिमेच्या भिंतीला छतापर्यंत कपाट आणि गडद निळा रंग असा बेत एकाने सल्ल्यासाठी मांडला आहे. त्यातील कपाटाबद्दल आधी लिहितो. बेळगावात जून ते सप्टेंबर पावसाचा मारा प्रामुख्याने पश्चिमेकडून होतो आणि बाहेरच्या भिंतीला चिकटवलेल्या कपाटामागे हवा खेळत नसल्याने तेथे ओल धरते, प्लायवूडच्या पाठीवर बुरशी चढते आणि गणपतीला रेशमी साड्या काढाव्यात तर घड्यांना कुबट वास येतो. म्हणून कपाट आतल्या भिंतीलाच करावे. नाइलाज असेल तर मागे दोन-तीन इंच फट सोडावी. दारे मात्र सरकतीच हवीत.

पलंग पाच फुटी घेऊन एका भिंतीला लावल्यास चार फुटांची सलग जागा मिळते. सहा फुटी पलंग मधोमध ठेवला, तर दोन्हीकडे दीड-दीड फुटाच्या बोळी उरतात, ज्यांतून धड चालताही येत नाही आणि केर काढणेही जिकिरीचे होते.

गडद निळा एकाच भिंतीला, तोही डोक्यामागे, शोभेल. पडद्यासाठी घरातील जुनी सुती इरकल साडी अस्तराविना, पदर खाली येईल अशी शिवून घ्यावी. (आमच्या भागात अशी साडी नाही असे घर विरळाच!) पडद्याची दांडी चौकटीपेक्षा दोन्हीकडे अर्धा फूट लांब असावी, म्हणजे पडदा सारल्यावर काच पूर्ण मोकळी राहते.