फ्लॅटमध्ये रिकर्व्हचा सराव: किती पौंडाचं धनुष्य घ्यावं?

नवशिकी_ठाणे
रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं धनुष्य) शिकायला लागले आहे, पण मैदानावरचा वर्ग आठवड्यातून दोनच दिवस असतो. घरात सलग मोकळी जागा चार मीटर. दुकानदार म्हणतो, 30 पौंडाचे लिंब (धनुष्याचे वरचा-खालचा वाकणारे भाग) घ्या, परत बदलायला नकोत. दोन्ही हात पसरून माप 160 सेंमी भरतं. काय घ्यावं? आणि ओढताना बाण रेस्टवरून (बाण टेकवायच्या आधारावरून) सारखा बाजूला घसरतो, तो का?

रायझर२५
ताई, 30 पौंड नकोच. लिंबवरचा पौंडांचा आकडा म्हणजे 28 इंच ओढल्यावर लागणारा जोर. 160 भागिले 2.5 म्हणजे तुमची ओढ (स्ट्रिंग पूर्ण मागे आणल्यावरचं अंतर) 64 सेंमी, सव्वापंचवीस इंच. इंचामागे अंदाजे दोन पौंड कमी होतात, म्हणजे 20 पौंडाचे लिंब तुमच्या हातात 14-15 पौंड भरतील. सुरुवातीला तेवढेच हवेत. धनुष्य जड झालं की खांदा कानाकडे चढतो आणि हनुवटी स्ट्रिंगला (धनुष्याच्या दोरीला) गाठायला पुढे येते. ही खोड एकदा लागली की सुटता सुटत नाही.

पैसे घालायचे तर 25 इंची आयएलएफ रायझरवर (मधला मुठीचा भाग; आयएलएफ म्हणजे लिंब जोडायची सामायिक पद्धत) घाला, तो पुढेही चालतो. लिंब स्वस्तातले शॉर्ट घ्या, धनुष्य 66 इंची होईल. बाण ओढीपेक्षा दोन इंच लांब हवा. आखूड बाण रेस्टच्या मागे येऊन थेट हातात घुसू शकतो. स्ट्रिंग चढवताना स्ट्रिंगरच (त्यासाठीची वेगळी दोरी) वापरा, पायात अडकवून वाकवलं तर लिंब पिळवटतात.

पोतं_आणि_सतरंजी
चार मीटर भरपूर झाले, कारण घरी नेम धरायचाच नाही. टारगेट दोन मीटरवर, खांद्याच्या उंचीला ठेवा, त्यावर नेम धरायचा कागद लावू नका. ओढा, बाण मधोमध रोखलाय हे बघा, मग डोळे मिटून सोडा. तर्जनी जबड्याखाली टेकली का, पाठ ओढतेय की नुसता दंड, हे तेव्हाच कळतं.

टारगेटसाठी पोत्यात जुने कपडे ठासून भरा. बटणं आणि चेन आधी कापून टाका, धातूवर आदळून कार्बनचा बाण तडकतो. पोतं सैल राहिलं तर बाण आरपार जातो. मागे जाड सतरंजी भिंतीपासून फूटभर पुढे टांगा, खालची बाजू मोकळी सोडा. झुलणारी सतरंजी बाणाचा जोर खाते, ताणून बांधलेली फाटते. टारगेटच्या बाजूला दार असेल तर कडी लावूनच बाण चढवा.

नॉक_बघा
बाण घसरतो तो बोटांमुळे. वरचं बोट आणि खालची दोन बोटं नॉकला (बाणाच्या मागच्या टोकाची खाच) चिमटीत धरतात, स्ट्रिंग पिळली जाते आणि बाण रेस्टपासून दूर ढकलला जातो. स्ट्रिंग तिन्ही बोटांच्या पहिल्या सांध्याच्या खाचेत घ्या, नॉकच्या वर-खाली किंचित फट ठेवा, पंजाची मागची बाजू सपाट ठेवा. बोटांच्या मधे फट राखणारा स्पेसर असलेला फिंगर टॅब (बोटांवर घालायचं संरक्षक आवरण) मिळतो, तो घ्या.

नॉक स्ट्रिंगवर टक् करून बसला पाहिजे. बाण खाली लोंबकळता राहावा, पण स्ट्रिंगला टिचकी मारली की सुटावा. सैल नॉक निसटला तर स्ट्रिंग रिकामीच सुटते, बाणात जायचा जोर लिंबमध्ये जातो आणि ते चिरतात. म्हणून बाणाशिवाय ओढलेली स्ट्रिंग कधीही सोडू नका, हळूच परत आणा.