मदत हवी आहे: शिक्षा भोगून परतलेल्या दिरांना ठाण्यात काम मिळण्याबाबत

नमस्कार. आम्ही कळव्याला राहतो. माझ्या धाकट्या दिरांना ऑगस्ट २०१८ मध्ये अटक झाली. खटला चालू असेपर्यंत ते ठाणे मध्यवर्ती कारागृहात होते आणि शिक्षा लागल्यावर त्यांची रवानगी नाशिकरोडला झाली. कच्चा कैदी म्हणून काढलेला काळ शिक्षेतून वजा झाला, माफीचे दिवस मिळाले आणि डिसेंबर २०२४ मध्ये ते घरी आले. गुन्हा काय होता हे मी येथे लिहीत नाही. निकाल चुकीचा होता असा आमचा दावा नाही आणि त्यावर येथे चर्चा व्हावी अशी इच्छाही नाही. मला विचारायचे आहे ते सुटकेनंतरचे.

पहिले काही महिने कागदपत्रांतच गेले. आधार कार्ड होते, पण त्याला जोडलेला मोबाइल क्रमांक मधल्या काळात बंद पडून कंपनीने दुसऱ्याच कोणाला दिलेला, त्यामुळे भाऊजींचे ओटीपी एका अनोळखी गृहस्थांना जात होते. (त्यांनी एकदा फोनवर फार सौजन्याने "अहो, मला कशाला त्रास देता?" असे विचारले.) क्रमांक बदलायला आधार केंद्रावर गेलो, तर कारागृहातील सुतारकामात रंधा मारून मारून झिजलेले अंगठे यंत्र ओळखेना, शेवटी डोळ्यांवरून ओळख पटली. दोन वर्षांहून अधिक काळ व्यवहार नसल्याने बँकेचे खाते निष्क्रिय झाले होते, आणि ई-केवायसी न झाल्यामुळे शिधापत्रिकेवरचे नाव अडकले होते. हे सर्व आता मार्गी लागले आहे. कोणाच्या घरी अशी वेळ आली, तर सर्वांत आधी मोबाइल क्रमांकाचे काम करावे, कारण बाकीची बहुतेक कामे त्यावरच अडतात.

खरा प्रश्न कामाचा आहे. भाऊजी नाशिकरोडला सुतारकाम शिकले आणि ते खरोखर चांगले शिकले आहेत. आमच्या स्वयंपाकघरातील कपाटे त्यांनीच केली असून ती पाहून शेजारच्या काकूंनीही स्वतःकडे काम सांगितले. काकूंना सर्व ठाऊक आहे. मात्र चाळीतल्या ओळखीवर महिनाभर पुरेल इतके काम मिळत नाही. वागळे इस्टेटमधील एका कारखान्यात त्यांना घेतले होते. चार दिवसांनी मालकांनी मधली वर्षे कुठे होता असे विचारले, भाऊजींनी खरे सांगितले आणि पाचव्या दिवशी हिशेब करून त्यांना घरी पाठवले गेले. त्यानंतर अंतर्गत सजावटीची कामे घेणाऱ्या एका ठेकेदारांनी हात पाहून लगेच होकार दिला, परंतु त्यांची कामे घोडबंदर रस्त्यावरील मोठ्या संकुलांत असतात आणि तेथे कामगाराला आत सोडण्यापूर्वी पोलिसांचे चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र मागतात. ठेकेदारांचा स्वतःचा आक्षेप नव्हता, हे मी मुद्दाम नोंदवते.

यावरून आमच्या घरात दोन मते आहेत. माझ्या यजमानांचे म्हणणे असे की, विचारणाऱ्याला गावी शेती पाहत होतो असे सांगावे. खोटे बोलून कोणाचे नुकसान होत नाही आणि पोट तर भरते. मला ते पटत नाही, कारण हे गुपित जितकी वर्षे टिकेल तितकी वर्षे भाऊजी कामावर धास्तावून वावरतील आणि ज्या दिवशी ते फुटेल त्या दिवशी काम जाईलच, वर लबाडीचा ठपकाही बसेल. भाऊजी या वादात काहीच बोलत नाहीत. ते ठाण्याला जाताना बसने जात नाहीत, लोकलनेच जातात, कारण खाडीपूल ओलांडला की कारागृहाची भिंत लागते. तो मुळात जुना किल्ला आहे. आमच्या चौथीतल्या मुलाला शाळेत ठाण्याच्या किल्ल्यावर माहिती लिहायची होती, तेव्हा त्याने काकांनाच विचारले की किल्ला आतून कसा असतो. भाऊजींनी त्याला चित्र काढून दिले. घरात त्या जागेविषयी ते बोलले ते तेवढेच.

माझी विनंती अशी. चारित्र्य पडताळणीत शिक्षेची नोंद येत असतानाही ज्यांना काम मिळाले, त्यांनी मालकाला ही गोष्ट कधी आणि कोणत्या शब्दांत सांगितली, पहिल्याच भेटीत की काम दाखवल्यानंतर? रबाळे, महापे किंवा तुर्भे येथील औद्योगिक वसाहतींत अथवा लहान फर्निचर कारखान्यांत असा माणूस समजून-उमजून घेणारे कोणी असतील, तर कृपया व्यक्तिगत निरोपातून कळवावे. दुसरे असे की, महिला व बालविकास विभागाच्या जिल्हा परिविक्षा अधिकाऱ्यांमार्फत (प्रोबेशन ऑफिसर) मुक्त बंद्यांना, म्हणजे सुटून आलेल्या कैद्यांना, स्वतःच्या व्यवसायासाठी अर्थसाहाय्य मिळते. कोणी ठाणे जिल्ह्यात असा अर्ज केला असल्यास कारागृहाच्या सुटकेच्या दाखल्याशिवाय आणखी काय जोडावे लागले आणि पैसे हातात यायला किती काळ गेला, हे सांगावे. रंधायंत्र आणि कटर घेता आले, तर भाऊजी घरूनच कामे घेऊ शकतील आणि संकुलांच्या फाटकांचा प्रश्नच उरणार नाही. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा 'प्रयास' प्रकल्प १९९० पासून बंद्यांसोबत काम करतो. तेथे जाण्याचे आम्ही ठरवले आहे, तरी कोणाचा प्रत्यक्ष अनुभव असेल तर जाण्यापूर्वी वाचायला आवडेल.

सहानुभूतीचे प्रतिसाद नकोत असे नाही, पण पत्ता, पद्धत किंवा स्वतःचा अनुभव असेल तर तो आधी लिहावा. भाऊजी हा धागा वाचणार आहेत, त्यामुळे थेट त्यांना उद्देशून लिहिले तरी चालेल.