शब्द हवा : 'नेम रिझोल्युशन'ला 'नामनिराकरण' चालेल का?

कृष्णाकाठ (सांगली) :
गावच्या वाचनालयात सहा जुने संगणक आहेत, त्यांवर उबुंटू ही संगणकप्रणाली टाकलीय. भिंतीवर लावायला एकपानी माहिती मराठीत करतोय आणि एका ओळीपाशी अडकलोय. नेट चालू, आकड्यांच्या पत्त्याला पिंग (पोचतंय का बघायची हाक) जातं, पण नाव टाकलं की साइट उघडत नाही. टर्मिनलवर येतं : 'टेंपररी फेल्युअर इन नेम रिझोल्युशन', म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आकड्यांचा पत्ता शोधणं सध्या जमत नाही. मी लिहिलं 'नामनिराकरणात तात्पुरते अपयश'. ग्रंथपाल बाई म्हणाल्या, "म्हणजे नाव काढून टाकायचं होतं, ते जमलं नाही का?"

जुनागुरुजी :
बाईंचं बरोबर आहे. शंकेचं निराकरण झालं की शंका उरत नाही. नावाचं झालं तर नाव उरणार नाही. निर् + आ + कृ, मुळात अर्थच दूर सारणे. 'नामोकल' (नाम + उकल) करा.

पेठेतला (सातारा) :
गुरुजी, नामोकल म्हणजे जेवणानंतर दोन चमचे घ्यायचं काहीतरी वाटतंय. मी एके ठिकाणी 'नाव ठराव अयशस्वी' पाहिलंय. सूचक कोण, अनुमोदक कोण, ते दिलं नव्हतं.

तलाठ्याचापोरगा (तासगाव) :
आमच्याकडं सरळ 'नाव लागत नाही' म्हणतात, फोन लागत नाही तसं. गेल्या आठवड्यात चुलत्यांचा फोन : "आरं, नेट हाय, पर एक बी साइट लागंना." मी सेटिंगमध्ये आयपीव्ही फोरचं पान उघडायला लावलं, डीएनएस (नावाचा आकडा सांगणारी यंत्रणा) लिहिलंय त्यापुढचं 'ऑटोमॅटिक' बंद, खाली १.१.१.१ हा तसा आकडा सांगणाऱ्या एका सर्व्हरचा पत्ता, मग कनेक्शन एकदा बंद-चालू. "लागली की रं!" यात निराकरण कुठंय?

जुनागुरुजी :
नाव सातबाऱ्याला लागतं. तो अर्थ रूढ आहे, गोंधळ होईल.

तलाठ्याचापोरगा :
उलट तोच दाखला द्या की! डीएनएस म्हणजे नोंदच. कुठलं नाव कुठल्या आकड्यावर लागलंय, तेवढंच बघायचं. साइट दुसऱ्या सर्व्हरवर हलवली तरी काही वेळ जुनाच आकडा दिसतो. का? फेरफार झाला, पण लोकांच्या खिशात जुना उतारा आहे. त्या उताऱ्यावर मुदत असते, टीटीएल म्हणतात ती. ३६०० सेकंद लिहिले असतील तर तासभर कुणी नवा उतारा काढायला जात नाही.

मिरजवाली :
कॅशला, म्हणजे संगणक जुनी उत्तरं जपून ठेवतो त्याला, 'उतारा'! हा मी घेणार. दुकानात पोऱ्याला "कॅश क्लिअर कर" म्हटलं, तर तो गल्ल्यातल्या नोटा मोजायला बसला.

पेठेतला :
@कृष्णाकाठ, शब्द राहू दे, नाव कुणाला विचारायचं ते जिथं असतं त्या रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ फाइलमध्ये हातानं काही लिहिलं नाहीत ना? उबुंटूत तिथं १२७.०.०.५३ हा त्याच संगणकाचा आतला पत्ता असतो, म्हणजे संगणक आधी घरातल्याच माणसाला विचारतो. आपण लिहिलेलं पुन्हा चालू केल्यावर पुसलं जातं.

कृष्णाकाठ :
दोनदा लिहिलं, दोनदा गेलं. फाइलच्या डोक्यावरच 'हात लावू नका' लिहिलंय, ते तिसऱ्यांदा वाचलं.

पेठेतला :
माझं मत 'पत्ताशोध'ला. आपण पाकिटावर घर, गल्ली, मु. पो., तालुका, जिल्हा लिहितो, पण टपाल लावताना खालून वर वाचतात. डोमेनचंही तेच. शेवटचं 'इन' आधी, मग त्याच्या अलीकडचं. त्याहीपुढं एक न दिसणारं टिंब असतं, तिथून सुरुवात. आजी सांगायची, 'पत्ता' हा शब्द ताडपत्रावरून आला, निरोप पानावर लिहीत म्हणून.

जुनागुरुजी :
आजींना नमस्कार, पण खेळातला पत्ता 'पत्र'वरून, आणि ठिकाणाचा पत्ता हिंदीतल्या 'पता'चा भाऊ. दोघांना एका फांदीला टांगू नका. मराठीत 'ठावठिकाणा' असताना ही उसनवारी कशाला? शिवछत्रपतींनी रघुनाथपंतांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला, तो फारसी शब्दांना पर्याय हवेत म्हणूनच ना?

तलाठ्याचापोरगा :
त्याला साडेतीनशे वर्षं होत आली, गुरुजी. जमीन, मालक, तालुका, जिल्हा, दप्तर, सगळे अजून जागेवर. आणि तुम्ही राहता त्या साताऱ्यातल्या पेठांना काय म्हणणार? पेठ फारसीच नव्हे?

पेठेतला :
पेठेला हात लावू नका. दक्षिणेतल्या भाषांत 'पेट्टै' आहे, कन्नडात 'पेटे'. आमची शनिवार पेठ तुमच्या फारसीत घालवू नका.

जुनागुरुजी :
आणि मी राहतो कऱ्हाडात.

मिरजवाली :
मूळ प्रश्नाचं काय झालं?

कृष्णाकाठ :
पान लावलं. 'नाव लागत नसेल तर' असंच लिहिलं, बाईंनी मान डोलावली. पण नवीनच भानगड. मी छापलं होतं, "डीएनएसच्या चौकटीत ८.८.८.८ हा आकडा टाका." आठवीतल्या एका मुलीनं कळफलक मराठीवर नेला आणि जसंच्या तसं देवनागरीत टाकलं. चौकट लाल झाली, 'लागू करा' दाबताच येईना. ती म्हणते, कागदावर आहे तेच तर लिहिलं! आता खाली बारीक अक्षरात काय घालू? 'इंग्रजी आकडा टाका'?

जुनागुरुजी :
'आकडा' नव्हे, 'अंक'. आणि इंग्रजी नव्हेत ते, आंतरराष्ट्रीय अंक. मुळात भारतातूनच गेलेत.

मिरजवाली :
अंकच लिहा. आमच्या वस्तीवर 'आकडा टाका' वाचलं की लोक विजेच्या तारेकडं बघतात.