वाकळ परदेशात विकायची तर नेमकं काय काय लागतं?

वाकळवाली_कागल | १६ नोव्हेंबर २०२५

नमस्कार मंडळी. मी कागलची. आई आणि गल्लीतल्या काही बायका मिळून वाकळ, म्हणजे गोधडी, शिवतात, जुन्या सुती लुगड्यांची, सगळं हातानं, धावदोऱ्यानं, मशीनचा टाका कुठं दिसणार नाही. मी फक्त फोटो काढून इन्स्टावर टाकते आणि पार्सल बांधते. डबल बेडची साडेसहा हजाराला जाते. निम्मं गिऱ्हाईक बाहेरचं आहे, न्यू जर्सी, म्युनिक, मेलबर्न. आधी सगळी आपलीच माणसं होती, आता त्यांच्या शेजारणी पण विचारायला लागल्यात.

तर अडचण अशी की ऑगस्टमध्ये इथून अमेरिकेला जाणारं पोस्ट बंद झालं, म्हणून एक वाकळ खासगी कुरियरनं पाठवली, तर तिकडं ताईंच्या दारात ड्युटी अधिक ब्रोकरेज अधिक आणि कसली तरी फी असं बिल आलं, त्यांनी पार्सल घेतलंच नाही, आणि परत आणायचा खर्च सांगितला तो ऐकून आई म्हणाली राहूदे तिकडंच, कुणीतरी पांघरंल. म्युनिकच्या ताई म्हणतात आता युरोपात 'जबाबदार व्यक्ती'चं नाव लागतं. मार्केटप्लेसवर, म्हणजे सगळ्यांचा माल विकणाऱ्या मोठ्या साइटवर, टाकावं म्हटलं तर पहिल्याच पानावर जीएसटी नंबर मागतात. वर्षाची उलाढाल चार-पाच लाखाची, एक जण म्हणतो ४० लाखापर्यंत नंबर लागत नाही, दुसरा म्हणतो पहिल्या रुपयापासून लागतो. खरं कोण बोलतंय? आणि एवढ्याशा धंद्यासाठी हे सगळं करण्यात अर्थ आहे का?

हिशेबनीस

दोघंही खरं बोलतायत, म्हणून तर घोळ होतो.

४० लाख ही वस्तूंसाठीची मर्यादा आहे आणि ती राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याला. आधी मार्केटप्लेसवर विकायचं म्हटलं की उलाढाल कितीही असो नंबर सक्तीचा होता. १ ऑक्टोबर २०२३ पासून एवढी ढील दिली की माल महाराष्ट्रातच विकणार असाल आणि मर्यादेच्या आत असाल तर पॅनवर जीएसटी पोर्टलवरून एनरोलमेंट क्रमांक घ्यायचा आणि त्यावर विकायचं. पण मार्केटप्लेसवरून माल राज्याबाहेर गेला की पहिल्या रुपयापासून रजिस्ट्रेशन. म्हणजे तुम्ही कागलहून गोंदियाला वाकळ पाठवलीत तर नंबर नको आणि निपाणीला पाठवलीत तर हवा.

हस्तकलेच्या वस्तूंना आंतरराज्य विक्रीत २० लाखापर्यंत सूट आहे, त्याची वेगळी यादी आणि अटी आहेत, पण ती सूट मार्केटप्लेसवर कामाला येत नाही. तुमचं निम्मं गिऱ्हाईक बाहेरचं आहे म्हणताय तर मी सरळ नंबर काढा म्हणेन. निर्यातीवर जीएसटी शून्य आहे, त्यासाठी पोर्टलवर एलयूटी म्हणजे हमीपत्र भरायचं, फॉर्म आरएफडी-११, पैसे लागत नाहीत, आणि मग आयजीएसटी (राज्याबाहेर-देशाबाहेर जाणाऱ्या मालावरचा जीएसटी) न भरता माल पाठवता येतो. दोरा, पॅकिंग, कुरियर यावर भरलेला कर परत मागता येतो. तोटा एवढाच की नंबर काढला की देशातल्या विक्रीवर पण कर लावावा लागेल, आणि २२ सप्टेंबरपासून सुती रजई-गोधडीवर अडीच हजाराच्या आत ५ टक्के आणि वर १८ टक्के झालाय. साडेसहा हजाराची वाकळ थेट १८ मध्ये. पुण्यातल्या गिऱ्हाइकाला ते सांगताना जीभ अडखळेल.

मार्केटप्लेसवाले अर्धा टक्का टीसीएस (विक्रीच्या पैशातूनच आधी कापलेला कर) कापतात, तो परत मिळतो, त्याची काळजी नको.

निपाणीकर

आमच्याकडं यायला तुम्हाला कागलातनं अर्धा तास लागतो ओ ताई, आणि आम्ही परराज्य! या की गाडीवर वाकळ टाकून, नदी ओलांडली की झाली निर्यात 😄

डाकवाला

पोस्टातून निवृत्त झालोय, म्हणून पोस्टाचं तेवढं सांगतो.

अमेरिकेचं बुकिंग २५ ऑगस्टपासून बंद होतं, कारण तिकडं ८०० डॉलरच्या आतल्या पार्सलला जी ड्युटीमाफी होती ती २९ ऑगस्टपासून सगळ्या देशांसाठी काढून टाकली आणि ड्युटी गोळा करायची कुणी याची व्यवस्थाच तयार नव्हती. फक्त कागदपत्रं आणि १०० डॉलरपर्यंतच्या भेटवस्तू चालू ठेवल्या होत्या. १५ ऑक्टोबरपासून सगळ्या सेवा परत सुरू आहेत. आता ड्युटी इथंच काउंटरवर भरून घेतात, त्यामुळे तिकडच्या माणसाच्या दारात बिल जात नाही. २०२५ मध्ये ती जाहीर किमतीच्या सरसकट ५० टक्के होती. कुरियरनं गेलं तर तेव्हा त्या ५० टक्क्यांवर वस्तूची मूळ ड्युटी वेगळी आणि त्यांचे चार्जेस वेगळे होते, पोस्टात तसं नव्हतं. त्या दरानं साडेसहा हजाराच्या वाकळीवर सव्वातीन हजार ड्युटी, शिवाय पोस्टेज, आणि वाकळ म्हणजे काय राखी नव्हे, वजन आहे.

निर्यात म्हणून पाठवायचं असेल तर आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीचा क्रमांक, काढा. डीजीएफटीच्या (परकीय व्यापार महासंचालनालयाच्या) साइटवर पाचशे रुपयांत मिळतो, पॅन लागतो. मात्र दर वर्षी एप्रिल ते जून त्यात अपडेट मारावं लागतं, काही बदल नसला तरी, नाहीतर नंबर बंद पडतो. बरेच जण इथंच अडकतात. मग पोस्टाच्या डाक घर निर्यात केंद्राच्या पोर्टलवर पोस्टल बिल ऑफ एक्स्पोर्ट, म्हणजे पोस्टानं जाणाऱ्या निर्यातीचा कस्टम्सचा कागद, घरबसल्या भरता येतं. जवळच्या मोठ्या पोस्टात विचारा, ही केंद्रं २०२२ पासून निघालीत आणि काउंटरवरच्या पोरांना आता त्यातलं बऱ्यापैकी कळतं.

सोपा_मार्ग

एवढं कशाला करताय. 'गिफ्ट' लिहा, किंमत ९० डॉलर टाका, विषय संपला. सगळे हेच करतात.

हिशेबनीस

@सोपा_मार्ग, १०० डॉलरची सवलत एका माणसानं दुसऱ्याला फुकट दिलेल्या वस्तूला आहे. यांच्या खात्यात त्याच बाईंचे साडेसहा हजार आलेत, इन्स्टावर 'ऑर्डरसाठी मेसेज करा' लिहिलंय. तिकडं पकडलं तर गिऱ्हाइकाचं नाव खराब, आणि इकडं बँकेत परदेशातून पैसा आला पण निर्यातीचा कागदच नाही. त्या पैशाला उद्या निर्यात म्हणायचं कशाच्या जोरावर?

बँकेचा विषय निघालाच आहे तर, शिपिंग बिल (निर्यातीचा कस्टम्सचा कागद) आणि आलेला पैसा यांची जोडी लावून बँकेकडून ते बिल बंद करून घ्यावं लागतं. छोट्यांना हे फार जाचक होतं, पाच-सहा हजाराच्या पार्सलसाठी बँकेत खेटे आणि वर चार्जेस. आता १ ऑक्टोबरला रिझर्व्ह बँकेनं १० लाखापर्यंतच्या बिलांना स्वतःच्या घोषणापत्रावर बंद करायची मुभा दिलीय. तुमच्या शाखेला माहीत नसेल तर परिपत्रक छापून घेऊन जा, मी हेच करतो.

म्युनिककर_पक्या

जबाबदार व्यक्तीचं प्रकरण खरं आहे. १३ डिसेंबर २०२४ पासून युरोपियन युनियनमध्ये उत्पादन सुरक्षेचा नवा नियम लागू झाला. बाहेरून ग्राहकाला विकलेल्या वस्तूवर युनियनमधल्या एखाद्या जबाबदार व्यक्तीचं नाव-पत्ता लागतो, काही झालं तर धरायला. हातानं केलेल्या वस्तूला सूट नाही. नाव भाड्यानं देणाऱ्या कंपन्या आहेत, वर्षाला पैसे घेतात, आणि ती रक्कम हजार वस्तू विकणाऱ्याला काहीच वाटत नाही पण वर्षाला वीस वाकळी पाठवणाऱ्याला प्रत्येक वाकळीवर ती चढते.

याशिवाय कापडाच्या वस्तूवर कुठला धागा किती टक्के हे लिहावं लागतं. आता जुन्या लुगड्यांच्या वाकळीत आजीचं सुती नऊवारी किती आणि मधे घातलेली टेरिकॉटची साडी किती, हे काय काकू तागडीत मोजणार का? जर्मनीत पॅकिंगच्या खोक्यासाठी पण ल्युसिड नावाच्या रजिस्टरमध्ये नोंद करावी लागते. खोक्यासाठी! ती नोंद फुकट आहे पण पुढं रिसायकलिंगवाल्यांशी करार करून पैसे भरायचे ते आलंच.

कराचं म्हणाल तर पूर्वी २२ युरोपर्यंतचं पार्सल करमुक्त यायचं, ते १ जुलै २०२१ ला संपलं, आता पहिल्या युरोपासून व्हॅट, जर्मनीत १९ टक्के. तो आधीच भरायची सोय आहे, आयओएसएस म्हणतात, पण भारतातल्या विक्रेत्याला त्यासाठी इथला मध्यस्थ नेमावा लागतो, परत खर्च. कस्टम ड्युटी मात्र २०२५ मध्ये १५० युरोच्या आत नव्हती, म्हणजे तुमची वाकळ बसायची त्यात. पण ती सूट पण काढायचं १३ नोव्हेंबर २०२५ ला युनियनच्या अर्थमंत्र्यांनी ठरवलंय. चिनी ॲपवरून येणाऱ्या पार्सलांच्या लोंढ्यामुळं, तुमच्यामुळं नाही, पण त्यात वाकळ पण सापडली.

माझं मत, युरोपला स्वतःहून जाहिरात करू नका. इथला एखादा भारतीय दुकानदार धरा, दहा-बारा वाकळी एकदम त्याला विका, आयात त्याच्या नावावर, लेबल त्याची जबाबदारी. मार्जिन कमी मिळेल पण झोप लागेल.

तिरकस

चालू द्या, गोऱ्यांना शिव्या द्या. आपण २०१९ च्या डिसेंबरमध्ये काय केलं होतं? तेव्हाही चिनी ॲपवाले पाच हजाराच्या आतलं सामान 'गिफ्ट' म्हणून इकडं ढकलत होते, म्हणून आपण भेटवस्तूंची माफीच बंद केली, फक्त राखी आणि जीव वाचवणारी औषधं वगळून. अमेरिकेला हे सुचायला २०२५ उजाडलं.

आणि घरच्या नियमाची गंमत बघा. परदेशी पैसा असलेल्या मार्केटप्लेसला भारतात स्वतःचा माल ठेवून विकता येत नाही, फक्त मधली जागा द्यायची. २०१८ च्या प्रेस नोट २ नं ते आणखी आवळलं, १ फेब्रुवारी २०१९ पासून लागू. हेतू किराणा दुकानदार वाचवायचा, तो मला पटतोही. पण निर्यातीत याचा अर्थ असा होतो की ती बडी कंपनी यांच्याकडून वाकळी रोख विकत घेऊन स्वतःच्या नावानं बाहेर पाठवू शकत नाही, कागदोपत्री निर्यातदार ह्या ताईच. वकिलांची फौज कंपनीकडं आणि फॉर्म भरायचे कागलात. निर्यातीपुरतं तरी हे सोडा अशी चर्चा २०२५ मध्ये दिल्लीत चालू होती.

टाका_दोरा

मी क्रोशाचे पॅटर्न विकते, पीडीएफ. माझं बाहेर जाणारं सगळं इंटरनेटवरून जातं, त्यामुळे वाकळवाली ताईंचं वाचून मला एकदम अपराधी वाटायला लागलंय, कारण मला यातलं जवळजवळ काहीच लागत नाही. वस्तू नाही म्हणून आयईसी नाही, सेवा धरली जाते म्हणून २० लाखाच्या आत जीएसटी नंबर नाही, कस्टम्स तर नाहीच. युरोपातल्या गिऱ्हाइकाचा व्हॅट मी ज्या साइटवर विकते ती साइटच कापून भरते. स्वतःच्या साइटवरून विकलं असतं तर तो पण पहिल्या युरोपासून माझ्याच डोक्यावर होता.

इंटरनेटवरून जाणाऱ्या गोष्टींवर कस्टम ड्युटी लावायची नाही असं जागतिक व्यापार संघटनेत १९९८ साली ठरलं, तेव्हापासून वेळोवेळी मुदत वाढवत आले. अबुधाबीत, २०२४ मध्ये, सांगितलं की पुढच्या बैठकीपर्यंत किंवा ३१ मार्च २०२६, जे आधी येईल तोपर्यंत. ती पुढची बैठक मार्च २०२६ मध्ये कॅमेरूनला होती. गंमत म्हणजे या माफीला विरोध करणाऱ्यांत आपला देश पुढं आहे, म्हणणं असं की सिनेमे, गेम, सॉफ्टवेअर सगळं तिकडून येतं आणि आपला महसूल बुडतो. ते खरं असेलही, पण उद्या सगळ्यांनी लावायला सुरुवात केली तर माझ्या चार डॉलरच्या पीडीएफला कोण कुठं अडवणार मला कळत नाही.

ताई, तुम्ही वाकळीचा पॅटर्न का नाही विकत? चौकटी कशा लावायच्या, कोपऱ्याची फुलं, धावदोऱ्याचा व्हिडिओ. परदेशात रजया शिवणाऱ्या बायकांचे मोठमोठे ग्रुप आहेत.

वाकळवाली_कागल

सगळ्यांना मनापासून थँक्यू, एवढं कुणी सांगितलं नव्हतं. @टाका_दोरा, आईला विचारलं. ती म्हणते कागदावर बघून वाकळ होत नसते, आणि झाली तर मग आमच्याकडनं कोण घेणार. व्हिडिओचं मात्र तिच्या डोक्यात बसलंय, कारण त्यात ती दिसणार 😀 पण व्हिडिओचे पैसे मिळून बाकीच्या बायकांना काय, त्यांचं पोट टाक्यावर आहे. म्हणून वाकळ पाठवायचंच बघते.

मेलबर्नचं कुणीच नाही सांगितलं. तिकडची तीन गिऱ्हाइकं थांबलीत.

डाकवाला

ऑस्ट्रेलिया तुमच्यासाठी सगळ्यात बरं. १००० ऑस्ट्रेलियन डॉलरच्या आतल्या पार्सलला ड्युटी नाही. त्यांचा जीएसटी विक्रेत्यानं गोळा करायचा असतो, पण तिकडची विक्री वर्षाला ७५ हजार डॉलरच्या वर असेल तरच, तुम्ही कुठल्या कुठं खाली आहात. वाकळ धुऊन, कडक उन्हात वाळवून पाठवा, गवताची काडी, बी, माती चिकटलेली चालत नाही, त्या बाबतीत ते फार कडक आहेत. इंग्लंडला घाई करू नका, तिकडं १३५ पौंडाच्या आतल्या थेट विक्रीवर परदेशी विक्रेत्यालाच व्हॅटची नोंदणी करावी लागते, खालची मर्यादा नाही.

वाकळवाली_कागल

मग आधी मेलबर्न. आयईसीचा फॉर्म आजच भरते. न्यू जर्सीवाल्यांना ड्युटी धरून नवा भाव सांगते, घेतलं तर घेतलं. म्युनिकच्या दुकानदाराचं @म्युनिककर_पक्या तुम्हाला व्यनि (खासगी निरोप) करते. @हिशेबनीस, जीएसटी नंबर काढल्यावर एलयूटी एकदा भरलं की कायमचं ना?

हिशेबनीस

नाही. ३१ मार्चपर्यंतच. एप्रिलमध्ये पहिलं पार्सल बांधायच्या आधी परत.